उतरवून घेताना

सकाळचा चहा झाला की हल्ली तासभर मी आईची वही घेऊन बसते. जाड पुठ्ठ्याची, शिवण सुटलेली वही. भूपाळ्या, आरत्या, मंगळागौरीची गाणी आणि मध्येच लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण. पान उलटताना कागदाची कड बोटाला चिकटून येते, म्हणून नव्या वहीत सगळं पुन्हा लिहायला घेतलं आहे. परवा मुलाने सहज विचारलं, "आई, कॉपी करतेयस का?" मी पटकन म्हणाले, "नाही रे, उतरवून घेतेय." काम तेच, पण 'कॉपी' हा शब्द मला लागला.

लागणारच. आमच्याकडे कॉपी म्हटलं की दहावी-बारावीची परीक्षा, बाहीत दडवलेली चिठ्ठी आणि दारात उभं राहिलेलं भरारी पथक डोळ्यांपुढे येतं. 'उतरवणे' तसं नाही. डोक्यावरचा हंडा उतरवावा, पाळण्यातलं मूल उतरवून घ्यावं, तसं हे दोन्ही हातांनी करायचं काम. सांडू द्यायचं नाही.

तेव्हापासून या कामाचे शब्द मनात घोळताहेत. 'नक्कल' घ्या. अरबीत या शब्दाच्या मुळाशी एका जागेवरून दुसरीकडे हलवणं, वाहून नेणं असा अर्थ आहे. मराठीत आल्यावर त्याला दोन वाटा फुटल्या. तहसील कचेरीत सातबाऱ्याची नक्कल मागतात ती खरी, सहीशिक्क्याची. तिच्यावर जमिनीचे व्यवहार होतात. आणि त्याच नकलेचं विशेषण 'नकली' झालं की दागिना खोटा ठरतो. 'गिरवणे' वेगळंच. तिथे बघून लिहायचंही नसतं, दुसऱ्याच्या अक्षरावरून आपला हात पुन्हा पुन्हा फिरवायचा असतो, अक्षर हातात मुरेपर्यंत. 'री ओढणे' यात हातही नाही, विचारही नाही. 'अनुकरण' आणि 'अनुसरण' या दोघांत तर एका अक्षराचा फरक, पण एकात माणूस दुसऱ्यासारखं करतो आणि दुसऱ्यात त्याच्या मागून चालतो.

मात्र मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो 'प्रत'. मूळ ग्रंथावरून लिहून काढली ती प्रत, आणि तांदूळ कोणत्या प्रतीचा असं विचारतो तीही प्रत. दर्जा आणि नक्कल, दोन्हींना आपण एकच शब्द ठेवला. हे कसं घडलं ते व्युत्पत्तीचे जाणकार सांगतील. मला एवढंच दिसतं, की छापखाने येण्यापूर्वी ज्याच्या हाती जशी प्रत आली, तसाच तो ग्रंथ त्याच्यापुरता होता. प्रत वाईट तर ग्रंथच वाईट.

म्हणून या कामाचा केवढा आदर होता! ज्ञानेश्वरी 1290 साली पूर्ण झाली. ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. ग्रंथाच्या शेवटी त्यांना 'लेखकु' म्हटलं आहे. आज लेखक म्हणजे रचणारा. तेव्हा ऐकून, पाहून लिहून घेणारा तो लेखक. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं प्रतीवरून प्रती होत गेल्या, कुठे शब्द बदलले, कुठे कुणी आपल्या ओव्या घुसवल्या. 1584 मध्ये, शके 1506 ला, एकनाथांनी पाठ पारखून ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कुणी आपली ओवी यात घालू नये असं बजावून ठेवलं. नाथांची स्वतःची प्रतिभा केवढी! भागवतावर हजारो ओव्या लिहिणारा हा माणूस दुसऱ्याच्या ग्रंथापाशी आल्यावर स्वतःचा शब्द मागे ठेवतो. त्यांची थोरवी मला त्यांच्या भारुडांइतकीच इथे जाणवते.

आणि रामदास. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास 'लेखनक्रियानिरूपण' हा सबंध लिहिण्याच्या कामावर आहे. अक्षर वाटोळं, मोकळं, शाई काळीभोर, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या. ग्रंथाचं पहिलं अक्षर जसं तसंच शेवटचं, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं. तरुणपणी बारीक लिहाल तर म्हातारपणी तुम्हालाच वाचता येणार नाही, असा घरच्या वडीलधाऱ्यासारखा सल्लाही आहे. पण मी थांबते ती एका सूचनेपाशी. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडा, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. ही सोडलेली जागा म्हणजे समास. शाळेत आम्ही पट्टीने समास आखायचो, त्यात बाई लाल शाईने शेरे लिहायच्या. तो खरा कागदाने आधी झिजावं, मजकुराने नाही, यासाठी असतो, हे मला आईच्या वहीने दाखवलं. तिने कागद वाचवायला कडेपर्यंत लिहिलं आहे आणि ओळींची पहिली अक्षरं गेली आहेत.

चूक झाली तर? पोथी लिहिणारे चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथला. आज आपण तो सरसकट वाईट अर्थाने वापरतो, नियमांना हरताळ फासला म्हणतो. मुळात तो मजकुराशी इमान राखणाऱ्याचा लेप होता.

केवळ कागदावरचं नव्हे, गळ्यातलंही असंच उतरतं. 1924 साली बेळगावजवळ सुळेभावीला जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गात, लोक थक्क होत. ती नक्कलच होती, पण पुढे मुंबईत देवधर मास्तरांपाशी शिकले, देवासला आजारपणात दीर्घ काळ गाणं थांबलं, आणि त्यानंतर जे गायले ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्या पोराला आधी कुणी 'नकला करू नकोस' म्हणून गप्प केलं असतं तर, या विचाराने आजही धस्स होतं. मुलांना आपण फार लवकर सांगतो, 'स्वतःच्या मनाचं लिही'. हातात काही मुरायच्या आधीच.

तर आईची वही. आज एका भूपाळीपाशी अडले आहे. घरातल्या छापील पुस्तकात जिथे 'चरण' आहे, तिथे आईने 'पाय' लिहिलं आहे. तिने ही भूपाळी तिच्या आत्तेसासूबाईंच्या तोंडून ऐकून टिपली होती. पहाटे चुलीपाशी त्या म्हणायच्या, ही काम करता करता लिहायची. चूक कुणाची म्हणावी? की चूकच नाही, त्या घरात ते तसंच म्हणत? नाथांपुढे पारखायला पाठ तरी होते. माझ्यापुढे ही एकच वही आहे, आणि विचारायला दोघींपैकी कुणी उरलेलं नाही.

नव्या पानावर चारी बाजूंना दोन-दोन बोटं जागा सोडली आहे. 'पाय' तसंच लिहिलं. समासात बारीक अक्षरात 'छापील : चरण' एवढं टिपलं, आणि पुढच्या ओळीवर आले.