तो पेढा कशाचा?

॥ श्री गुरुदेव ॥


मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर कुठला तरी अतिरेकी म्होरक्या मारला गेल्याचा मेसेज आला. खाली फटाके, नाचणारी चित्रं, तीन लाडू. मीही अंगठा टाकायला गेले आणि २०१२ चा तो बुधवार आठवला.

२१ नोव्हेंबर. सकाळी साडेसातला पुण्याच्या येरवडा तुरुंगात कसाबला फाशी झाली. झाल्यावरच लोकांना कळलं. मग ठिकठिकाणी फटाके काय, मिठाई काय! संध्याकाळी आमच्या नामजपाला एक ताई धारवाडी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आल्या. सगळ्यांनी खाल्ले, मीही खाल्ला. एक रुमालात बांधून मुलासाठी आणला. तेव्हा तो पाचवीत होता. पेढा हातात घेऊन म्हणतो, "आई, कोण पास झालं?"

मला उत्तर सुचेना. "खा गप," म्हणून आत गेले.

आता कुणी म्हणेल, वहिनींना कसाबची दया आली. नाही हो! २६/११ ला १६६ माणसं गेली. सीएसटीवर तर सामान घेऊन गाडीची वाट बघत बसलेली साधी माणसं होती ती. गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळ्यांनी त्याची बंदूक धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. खटला चालला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. शिक्षा योग्यच होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनी त्या दिवशी काय करावं, हे सांगणारी मी कोण? त्यांना सुटल्यासारखं वाटलं असेल. पण माझं कोण गेलं होतं? मी कशाचं तोंड गोड केलं?

कसाबच्या बरोबरचे बाकीचे नऊ जण आठवतात का? मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टनं सांगितलं, आमच्या कबरस्तानात यांना जागा नाही. वर्षभराहून जास्त दिवस ती प्रेतं जे.जे. हॉस्पिटलच्या शवागारात पडून होती. शेवटी सरकारनं गुपचूप पुरली. तोही संतापच. पण त्यात कुणी नाचलं नाही, यांचा आमचा संबंध नाही एवढंच सांगितलं. मला तो राग आमच्या पेढ्यापेक्षा जास्त खरा वाटतो.

आपल्या रामायणात रावण पडल्यावर बिभीषण त्याचे अंत्यसंस्कार करायला कचरतो. रामच त्याला समजावून ते करायला लावतो. हे मी जाऊबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग दसऱ्याला आपण सोनं कशाला वाटतो गं?" बरोबर आहे त्यांचं. याला माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. दसरा विजयाचा, मरणाचा नव्हे, असं मी म्हणाले खरी, पण त्या दिवशीच्या त्या पेढ्यातलं किती विजयाचं आणि किती मरणाचं, हे मला अजून वेगळं करता येत नाही. ओंबळ्यांचं नाव तर त्या संध्याकाळी आमच्यात कुणी काढलंसुद्धा नव्हतं.

मुलगा आता बंगळूरला नोकरी करतो. मागच्या आठवड्यातला तो मेसेज त्यानंच टाकला होता. मी अजून खाली काही लिहिलेलं नाही. रविवारी त्याचा फोन येतो, तेव्हा त्या पेढ्याचं उत्तर देऊन बघते. तेरा वर्षं उशीर झालाय.

जय गुरुदेव.
— एक सेविका, हुबळी