नाटकाची निवड आणि प्रेक्षकाचा अधिकार

समकालीन नाटक निवडताना हौशी मंडळी पात्रसंख्या, नेपथ्य आणि खर्च यांचा हिशेब मोकळेपणाने मांडतात. ज्यांची श्रद्धा दुखावेल त्यांचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न मात्र भीतीच्या रूपाने येतो आणि विचार होण्याआधीच निकालात निघतो. वस्तुतः तो नाट्याइतकाच जुना आहे. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातील कथेप्रमाणे इंद्रध्वजाच्या उत्सवातील आद्य प्रयोगात दैत्यांचा पराभव दाखवला गेला, तेव्हा संतापलेल्या दैत्यांनी विघ्नांच्या साहाय्याने नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवली. इंद्राने जर्जराने, म्हणजे आपल्या ध्वजदंडाने, त्यांना झोडपले, तरी उपद्रव थांबला नाही. अखेर ब्रह्मदेवाने साम, म्हणजे समजुतीचा मार्ग, धरला आणि नाट्य हे एका पक्षाचे नसून त्रैलोक्यातील भावांचे अनुकीर्तन, म्हणजे पुन्हा केलेले कथन, आहे असे सांगितले. त्याने नाट्य मागे घेतले नाही आणि दुखावलेल्यांना तुच्छही लेखले नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र साधणे हीच निवडीची खरी कसोटी होय.

सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’ (1974) या कसोटीला लावून पाहण्याजोगे आहे. मृत भाऊराव स्वतःच्या मरणाची कथा कीर्तनाच्या घाटात सांगतो आणि बंद झालेल्या जुन्या स्मशानातच आपले दहन व्हावे, असा हट्ट धरतो. ते सादर करणारी पुण्याची थिएटर अकॅडमी ही संस्थाही भावना दुखावण्याच्या अशाच वादातून जन्मली होती, कारण 1972 साली आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग मूळ संस्थेने थांबवल्यावर त्यातील कलावंतांनी ती स्थापन केली. जामखेडसारख्या ठिकाणी असे नाटक निवडावे काय, या प्रश्नावर ‘आपल्या लोकांना हे झेपणार नाही’ असे उत्तर सहज दिले जाते. ते उत्तर अधिकारभेदाचे, म्हणजे ज्ञान घेण्याची पात्रता माणसागणिक वेगळी मानण्याचे, आहे. आणि वेदश्रवणाचा अधिकार नाकारलेल्यांसह सर्व वर्णांसाठी पाचवा वेद म्हणून नाट्य निर्माण झाले, या नाट्यशास्त्राच्या त्याच कथेतील प्रतिपादनाशी त्याचा उघड विरोध आहे. शिवाय ते वस्तुस्थितीलाही धरून नाही. या परिसरात हरिनाम सप्ताहात रात्री कीर्तन ऐकणारा श्रोता आहे आणि संगीतबारीची, म्हणजे लावणीच्या पारंपरिक सादरीकरणाची, कलाकेंद्रेही जामखेडातच आहेत. कीर्तनकार निरूपण सोडून कुठे भरकटला आणि दृष्टांत कुठे फसला, हे ज्याला लगेच उमगते, तो ‘महानिर्वाण’चा परका नव्हे, तर सर्वांत जाणता प्रेक्षक आहे.

मात्र याच जाणतेपणामुळे निवडणाऱ्यावरचे बंधन वाढते. नटाला चाली, टाळाचा ठेका आणि निरूपणाची लय खरोखर येत नसेल आणि कीर्तन केवळ हशा पिकवण्यासाठी वापरले जात असेल, तर त्या श्रोत्याचा राग रास्त ठरेल, आणि तालीम पुरी होईपर्यंत प्रयोग पुढे ढकलणे हेच त्या मंडळींचे कर्तव्य असेल.