विसरलेल्या राज्यांची ओढ

मनुष्य जसजसा वयाने वाढत जातो, तसतसा त्याचा भूतकाळ सुंदर होत जातो. बालपणीची विहीर अधिक खोल होते, आजोळचा आंबा अधिक गोड होतो. आणि दिवाळीच्या फराळात कितीही खुसखुशीत चकली पुढे आली, तरी ‘आईच्या हातची ती नव्हे’ असा उद्गार निघतोच. या मनोवृत्तीला आपण स्मरणरंजन असे गोंडस नाव दिले आहे. नाव गोंडस असले तरी त्यातला प्रश्न तितकासा गोंडस नाही. गेलेल्याची ओढ बाळगणे हा सद्गुण म्हणावयाचा की दुर्बलता? ती कृतज्ञता आहे, की वर्तमानापासून काढलेला पळ?

विहीर, आंबा आणि चकली यांच्या बाबतीत याचा निवाडा करणे कठीण. कारण तो आंबा कदाचित खरोखरच गोड असेल! परंतु जी जागा पृथ्वीच्या पाठीवर कधी नव्हतीच, तिच्यासाठी जर कोणी व्याकूळ होऊ लागला तर? असे लोक आज आहेत, आणि ते थोडेथोडके नाहीत. अमेरिकेत, कॅनडात, युरोपात चाळिशी-पन्नाशी गाठलेले, संसारात मुरलेले गृहस्थ संगणकावरील काही जुन्या खेळांच्या आठवणीने हळवे होतात. वाचकहो, त्यांना हसण्याआधी त्यांची हकीकत ऐकून घेऊ.

ही हकीकत संगणकापासून सुरू होत नाही. ती एका साध्या टेबलापासून सुरू होते. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या लहान गावातून, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी रचलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर पडला. एका पेटीत तीन पातळ पुस्तिका, आणि पहिल्या खेपेस अवघ्या एक हजार प्रती. या खेळाला पट नव्हता म्हटले तरी चालेल. चार-सहा मित्र टेबलाभोवती बसत. एकजण सूत्रधार होई आणि गोष्ट सांगू लागे : ‘समोर अंधारी गुहा आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतो आहे. काय कराल?’ बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर होऊन उत्तर देत. वार लागला की हुकला, हे फासे ठरवीत. आपल्याला फासे परके नाहीत. परंतु येथे फाशांवर राज्य हरले जात नसे, राज्य उभे राहत असे.

अशा गोष्टींना भूमी हवी. एड ग्रीनवुड या कॅनडातील गृहस्थाने, हा खेळ जन्मण्याच्याही आधी, लहानपणी एक काल्पनिक जग आपल्या गोष्टींसाठी रचले होते. तेच १९८७ साली ‘फॉरगॉटन रेल्म्स’, म्हणजे विसरलेली राज्ये, या नावाने खेळाचे अधिकृत जग म्हणून प्रसिद्ध झाले. आपल्या पृथ्वीवरून त्या जगात जाण्याच्या वाटा एके काळी होत्या. पुढे माणसे त्या विसरली, अशी त्या नावामागची कल्पना. पुढे घडणाऱ्या सगळ्या हुरहुरीचे जणू हे भाकीतच!

मग संगणक आला. १९८८ साली ‘पूल ऑफ रेडियन्स’ हा खेळ निघाला. त्या काळच्या तबकडीवर जागा इतकी अपुरी, की गोष्टीतले मोठे उतारे तीवर मावेनात. तेव्हा ते एका छापील पुस्तिकेत क्रमांक घालून दिले होते. खेळता खेळता पडद्यावर सूचना येई, की पुस्तिकेतला अमुक क्रमांकाचा मजकूर वाचा. कोणी आधीच सगळे वाचून बसू नये, म्हणून त्यात काही खोट्या वार्ताही पेरलेल्या असत. पुढे १९९८ साली एडमंटन येथील बायोवेअर या मंडळींनी ‘बॉल्डर्स गेट’ काढला. तो पाच तबकड्यांवर येई आणि प्रवासात मधूनच तबकडी बदलावी लागे. त्यातला मिन्स्क हा आडदांड योद्धा बू नावाचा उंदराएवढा प्राणी जवळ बाळगून असतो आणि त्याचा सल्ला घेतो. अशी काही पात्रे त्या खेळाचा एक प्रमुख रचनाकार जेम्स ओलेन याच्या मित्रमंडळींच्या टेबलावरच जन्मली होती. संगणकाच्या पोटात ते जुने टेबल असे शाबूत होते.

आता या खेळांचे भक्त काय म्हणतात? ‘तसे खेळ पुन्हा होणे नाही.’ विरोधक उत्तर देतात, ‘खेळ सामान्यच होते, तुमचे वय सोळा होते, एवढेच!’ मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. त्या खेळांत पात्रांचे चेहरे म्हणजे कोपऱ्यातली बोटभर चित्रे. संवादांपैकी मोजकीच वाक्ये ऐकू येत. उरलेली वाचावी लागत. पात्राच्या आवाजातला कंप, नगरातला गलबला, जंगलातला वारा, हे सारे खेळणाऱ्याने आपल्या पदरचे घालावयाचे. आणि जिथे आपण आपल्या पदरचे काही घातले, ती वस्तू थोडी आपलीच होऊन बसते. शाळेत मुलांना छापील चित्र दिले तर ती पाहतात आणि विसरतात. अर्धे रेखाटलेले चित्र रंगवावयास दिले, तर ते घरी नेऊन भिंतीवर लावतात. तेव्हा ही ओढ अगदीच पोकळ नाही. त्या राज्यांत या लोकांनी आपल्या कल्पनेची काही वर्षे खरोखर खर्च केली आहेत.

परंतु येथेच ओढीची परीक्षा सुरू होते. २०२० साली बेल्जियममधील लॅरियन या मंडळींनी ‘बॉल्डर्स गेट’चा तिसरा भाग दाखविला, तेव्हा जुन्या भक्तांपैकी कित्येकांनी नाराजी व्यक्त केली. जुन्या भागांत लढाई सलग चाले आणि हवी तेव्हा थांबविता येई. नव्या भागात प्रत्येकाने पाळीपाळीने चाल करावयाची होती. हा परंपरेचा भंग आहे, असे त्यांना वाटले. गंमत अशी, की पाळीपाळीने चाल करणे हीच टेबलावरची मूळ रीत! १९८८ च्या खेळातही तीच होती. म्हणजे ज्याला नवे म्हणून नाके मुरडली गेली, ते जुन्याहूनही जुने होते. आपण ‘मूळ’ म्हणतो ते बहुधा मूळ नसतेच. आपण ज्या वयात आत शिरलो, त्या वयातला तो दरवाजा असतो. माझ्या शाळेचे माजी विद्यार्थी भेटतात तेव्हा प्रत्येक तुकडी सांगते, की खरी शाळा आमच्या वेळची. आणि त्यांच्या मागून आलेली तुकडीही, मोठी झाल्यावर, शब्दही न बदलता तेच सांगते.

या भक्तांच्या लाडक्या खेळांपैकीच एकाने या रोगाचे निदान करून ठेवले आहे, हे मला फार विलक्षण वाटते. तो खेळ म्हणजे १९९९ सालचा ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’. हाही टेबलावरच्याच एका जगातून आलेला. त्यात मजकूर इतका, की खेळ कमी आणि कादंबरी अधिक वाटावी. त्याचा नायक एका शवागारात दगडी ओट्यावर जागा होतो. त्याला नाव नाही, आठवण नाही. अंगभर मात्र व्रण आहेत, आणि पाठीवर स्वतःसाठीच गोंदवून ठेवलेल्या सूचना. तो मरतो आणि पुन्हा उठतो. हळूहळू उलगडा होतो, की फार पूर्वी त्याच्या हातून घोर पातके घडली होती. त्यांच्या प्रायश्चित्ताला एक आयुष्य पुरणार नाही, म्हणून त्याने एका चेटकिणीकडून आपले मरण देहावेगळे करून घेतले. परंतु प्रत्येक मरणागणिक त्याची स्मृती पुसली जाते. आणि त्याहून भयंकर म्हणजे, त्याच्या वाट्याचे मरण दर वेळी दुसऱ्याच कोणाला तरी येते. त्या मेलेल्यांच्या सावल्या त्याच्या मागावर असतात. ती चेटकीण त्याला विचारते, की माणसाचा स्वभाव कशाने बदलू शकतो. तिला पुस्तकी उत्तर नको असते. त्याचे स्वतःचे उत्तर हवे असते. शेवटी तो आपले मरण परत स्वीकारतो आणि केल्या कर्माचे फळ भोगावयास निघून जातो.

जो काळाला आपल्यापुरते थांबवू पाहतो, त्याची किंमत दुसऱ्याला द्यावी लागते, एवढाच या कथेचा अर्थ मी घेतो. आणि आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तरही मला त्यातच दिसते. आठवण काढण्यात पाप नाही. परंतु माझे सोळावे वर्ष सरू नये म्हणून मी आजच्या सोळा वर्षांच्या मुलाला ‘तुला यातले काय कळणार?’ असे म्हणतो, तेव्हा मी माझे म्हातारपण त्याच्या अंगावर टाकीत असतो. त्याचा उत्साह मरतो आणि मी तरुण राहिल्याचा भास मला होतो. हा व्यवहार अन्यायाचा आहे. खेळ असो, गाणे असो, की घरातला सण असो.

उलट, हीच ओढ उदारही होऊ शकते. २०१३ साली ‘टॉरमेंट’च्या आठवणीवर जगणाऱ्या सत्तर हजारांहून अधिक लोकांनी, त्याच वळणाचा नवा खेळ व्हावा म्हणून, तो तयार होण्याआधीच ४० लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. जुने जग वापरता येत नव्हते, म्हणून टेबलावरच्याच एका दुसऱ्या जगात तो रचला गेला आणि २०१७ साली बाहेर पडला. तो जुन्याच्या तोडीचा झाला की नाही, यावर भक्तांत मतभेद आहेत. पण त्यांच्या हुरहुरीतून नव्या लेखकांच्या हाताला काम आणि नव्या खेळणाऱ्यांना एक गोष्ट मिळाली, याविषयी मतभेद नसावा. ‘बॉल्डर्स गेट’चा तिसरा भागही २०२३ साली पूर्ण होऊन आला, तेव्हा पहिला भाग निघाला त्या वर्षी जन्मलेलेही नव्हते असे कितीतरी जण त्या नगराच्या वेशीतून आत शिरले.

गायगॅक्स २००८ साली गेला, आर्नसन २००९ साली. त्यांनी मांडलेल्या टेबलाची खरी खुबी अशी, की त्यावर सूत्रधार कधी कायमचा नसतो. आज जो ऐकतो तो उद्या सांगू लागतो, आणि त्याची गुहा आपल्या गुहेहून वेगळी निघते. ती वेगळी निघाली म्हणून जो उठून जातो, त्याचे प्रेम टेबलावर नव्हतेच. ते आपल्या जागेवर होते. ज्याचे टेबलावर प्रेम आहे, तो किंचित सरकून नव्या पोरासाठी खुर्ची मोकळी करतो, फासे त्याच्या हातात देतो, आणि विचारतो : ‘समोर अंधारी गुहा आहे. बोल, तू काय करशील?’