औषधाचा विसावा

देह हे परमार्थाचे साधन, म्हणून त्याची निगा राखावी, हे आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकतो. पण निगा कोठवर राखावी आणि हात कोठे आखडता घ्यावा, हे सांगणारे थोडे. कार्तिकीत एका माळकरी मातेने शंका घातली, "महाराज, आमच्या मालकांना कर्करोगावरचे ते इम्युनोथेरपीचे इंजेक्शन चालू आहे. आता सोसवेना झालंय. पण बंद करा म्हणणं म्हणजे आपल्याच हातानं जीव टाकणं नव्हे का?" शंका तिच्या एकटीची नव्हे, म्हणून तिचा विचार येथे करू.

आधी हे औषध काय करते ते पाहा. माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतो आणि सारा गजर क्षणात शांत होतो. आपल्या शरीरातही रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना 'पुरे' म्हणणारी अशी खूण असते. ती नसती तर त्या आपल्याच देहावर उठल्या असत्या. कर्करोगाची गाठ मोठी लबाड! ती तोच दंड उंच करते, आणि पेशी फसून गप्प बसतात. औषध हा दंड खाली पाडते. या शोधाबद्दल अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण दंड पडला की खरा आणि खोटा दोन्ही पडतात. मग पेशी कधी कातडीवर उठतात, कधी आतड्यावर, यकृतावर, फुप्फुसावर, थायरॉईडवर, क्वचित हृदयावरही. हा त्रास औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनीही उपटतो.

येथे आपल्या लोकांचा एक गुणच आड येतो. सोसण्याची आपल्याला सवय. जुलाब लागले तर वारीत पाणी बदलले म्हणायचे, दिवे घाटात धाप लागली तर चढ आहे म्हणायचे, आणि दिंडी मागे पडू नये म्हणून चालत राहायचे. बाबांनो, ज्याला हे इंजेक्शन चालू आहे किंवा होऊन गेले आहे, त्याने हे सोसू नये. लपवलेले दुखणे तप होत नाही. औषधाचे नाव लिहिलेला कागद पिशवीत ठेवावा आणि वाटेतल्या डॉक्टरला आधी तो दाखवावा, नाहीतर तो बापडा साधे जुलाब समजून गोळी देईल. वेळेवर कळले तर बहुतेक त्रास स्टेरॉइडने आटोक्यात येतो. ते काही आठवडे हळूहळू कमी करायचे असते; एकदम सोडले तर घात होतो. एकादशी असली तरी ही गोळी चुकवू नये, आणि उपाशीपोटी घेऊ नये.

आता थांबण्याचा प्रश्न. थांबणे दोन प्रकारचे, आणि सारा घोटाळा ते एक समजल्याने होतो.

पहिले थांबणे त्रासामुळे. खाज, पुरळ एवढ्यावर औषध सहसा चालू ठेवतात; मध्यम त्रासात काही काळ रोखतात. थायरॉईड मंदावली तर गोळी घेऊन इंजेक्शन बहुधा चालू राहते. हृदयाला सूज आली तर मात्र कायमचे बंद. पण बंद झाले म्हणजे केलेले वाया गेले असे नाही. मेलॅनोमा या कातडीच्या कर्करोगात दोन औषधे एकत्र घेताना ज्यांना त्रासामुळे सुरुवातीलाच थांबावे लागले, ते इतरांच्या बरोबरीनेच जगले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. जाग्या झालेल्या पेशी काम विसरत नाहीत. जास्त औषध म्हणजे जास्त गुण, हेही खरे नव्हे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने तोंड-घशाच्या बरा न होणाऱ्या कर्करोगात निव्होलुमॅब नेहमीच्या दशांशाहून कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, तोंडावाटे घ्यायच्या औषधांच्या जोडीला दिले. वर्षाअखेर जिवंत असलेले शंभरात सोळा होते ते त्रेचाळीस झाले. अर्थात आपल्या मनाने डोस घटवू नये. पण शेत विकायला निघण्यापूर्वी डॉक्टरांना हे जरूर विचारावे.

दुसरे थांबणे औषध लागू पडत नाही म्हणून. एका तपासणीत गाठ मोठी दिसली एवढ्यावर घाबरू नये. पेशी आत शिरल्यानेही ती कधी फुगते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा पाहतात. पण रोग खरोखरच वाढत असेल आणि माणूस दिवसभर अंथरुणाला खिळला असेल, तर पुढचे इंजेक्शन कोणासाठी? पुष्कळदा ते नातेवाइकांच्या भीतीसाठी असते. औषध थांबले तरी सेवा थांबत नाही: वेदना शमवणे, धाप कमी करणे, तोंड ओले ठेवणे, जवळ बसणे. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून हेच करीत आहे. याला जीव टाकणे कोण म्हणेल? अखेरच्या अवस्थेत यंत्रावर ठेवू नये, असे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला, आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरे.

राहिले एक. त्या मातेला मी विचारले, "मालक काय म्हणतात?" ती म्हणाली, "त्यांना रोगाचं नावच सांगितलेलं नाही." घरोघरी हेच चालते. ज्याचा देह, त्यालाच वगळून बाकीचे निर्णय करतात! माउली, आधी त्यांच्याजवळ बसा. त्यांना किती जाणून घ्यायचे आहे ते विचारा. मग पुढच्या तारखेला दोघे मिळून डॉक्टरांपुढे बसा आणि विचारा: गुण आला का, त्रास उतरेल का, आणि थांबलो तर पुढे काय काय करता येईल.