होडीच्या आकाराचा कर्ता

न्यायदर्शनानुसार होडीचे लाकूड हे समवायी कारण, म्हणजे ज्यात कार्य राहते ते द्रव्य, फळ्यांचा संयोग असमवायी आणि सुतार निमित्त. परंतु जलाशयातील होडीचा तळ सहसा सपाट असतो आणि पनवेल खाडीतून पुढे समुद्रात जाणाऱ्या होडीला लाट कापणारी उंच नाळ व तळाला कणा लागतो, हा भेद यांपैकी कोणाचा? खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्याने तीच होडी त्यात किंचित वर तरंगते, तथापि आकार ठरवते ती लाट, क्षार नव्हे. खाडीच्या चिखलात तर खाऱ्या पाण्यातही सपाट तळच सोयीचा. नैयायिक पाण्याला सहकारी, म्हणजे केवळ साहाय्यक, कारण म्हणून मोकळे होतील. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणारे कोळी मात्र त्याला चेतन, म्हणजे कर्ता होऊ शकणारा, मानतात, आणि आकार लाटच ठरवत असल्याने त्या प्रश्नापुरते त्यांचेच मत अधिक सयुक्तिक ठरते.