उंच गाडी आणि तिचा आंस

यंत्रांच्या विषयांत नीतीचा प्रश्न काढला म्हणजे पुष्कळांस तो ओढूनताणून आणलेला वाटतो. लोखंडास पाप नाहीं व पुण्यही नाहीं, हें खरेंच. परंतु त्या लोखंडाचा कोणता भाग बळकट करावा व कोणता तसाच ठेवावा, हें माणूस ठरवितो. आणि जेथें माणूस ठरवितो तेथें नीतीचा प्रश्न असतोच, अशी आमची समजूत आहे. या समजुतीची परीक्षा पाहण्यासाठीं आम्हीं मुद्दाम एक रांगडें उदाहरण निवडलें आहे. तें अमेरिकेंत शौकानें उंच केल्या जाणाऱ्या, चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या, प्रचंड बळाच्या गाड्यांचें होय.

या गाड्यांचें कूळ जुनें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४१ पासून, विलिस कंपनीनें अमेरिकन लष्करासाठीं जी जीप बनविली तिचें इंजिन सुमारें ६० अश्वशक्तीचें होतें. त्याच वंशांतील रँग्लर रुबिकॉन ३९२ ही गाडी २०२१ सालीं आली ती ४७० अश्वशक्ति घेऊन. एवढ्यानेंही शौकिनाचें समाधान होत नाहीं. यूटा संस्थानांतील मोआबचे खडक किंवा कॅलिफोर्नियांतील रुबिकॉनची दगडी वाट चढून जावी म्हणून तो गाडी आणखी चार-सहा इंच वर उचलतो, आणि ३३ इंचांचीं चाकें काढून ३७ किंवा ४० इंचांचीं बसवितो. आतां गाडी कोठेंही जाईल, असें तिच्याकडे पाहणाऱ्यास वाटतें.

ज्यांना बैलगाडी ठाऊक आहे त्यांना आंस म्हणजे काय हें सांगावयास नको. या गाडीचा आंस मात्र नुसता भार वाहत नाहीं; चाकांस फिरविण्याचें कामही त्याच्याच पोटांतील दांड्यांनीं व दात्यांनीं होतें. इंजिनाचा पीळ गिअरपेटींतून, ट्रान्स्फर केसमधून आणि शेवटीं आंसाच्या दात्यांतून जातांना प्रत्येक ठिकाणीं गुणला जातो. रँग्लर रुबिकॉनच्या कांहीं प्रकारांत खडक चढण्याच्या मंद गतींत हा गुणाकार सत्तर पटींच्या वर जातो. त्यांत चाक मोठें केलें म्हणजे तरफ लांबविल्यासारखें होतें. जमिनीवर पूर्वींइतकीच ओढ साधावयाची असेल तर ३३ इंचांच्या जागीं ३७ इंचांचें चाक आल्यानें आंसावरील पीळ सुमारें १२ टक्क्यांनीं वाढतो. चाकाचें वाढलेलें वजन निराळेंच. शिवाय गाडी उचलली कीं इंजिनाकडून आंसाकडे येणारा शाफ्ट अधिक तिरका होतो व त्याचे युनिव्हर्सल जॉइंट जास्त वांकून फिरूं लागतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर व ब्रेकच्या नळ्या तोकड्या पडतात. आंसास जागेवर धरणारा आडवा दांडा आंसाला एका बाजूस ओढतो. पुढच्या चाकांचा कल बिघडला व सांधे सैल असले तर भर वेगांत सारा पुढचा भाग थरथरूं लागतो; या थरथरीला तिकडील लोकांनीं मृत्यूचेंच नांव दिलें आहे. गुरुत्वमध्य वर गेल्यामुळें वळणावर गाडी उलटण्याचें भय वाढतें, तें वेगळें.

येथें माणसाच्या स्वभावाची एक खूण दिसते. उंची व मोठीं चाकें आधीं घेतलीं जातात, आंस व कमानी मागाहून. उंची रस्त्यावरून दिसते. आंस पाहण्यासाठीं मात्र गाडीखालीं पाठ टेकून शिरावें लागतें. सामर्थ्याचा जो भाग चार लोकांस दिसतो तो विकत घेण्यास आपण उत्सुक असतों. तें सामर्थ्य ज्यावर उभें राहावयाचें तो भाग तुटेपर्यंत आपणांस आठवतही नाहीं.

तो तुटला म्हणजे काय होतें, हें तर अधिकच बोधप्रद आहे. आंसांतील दांडा तुटला म्हणून क्रोमोली पोलादाचा घालावा, तर पुढच्या खेपेस त्याचा जॉइंट जातो; तो बळकट करावा, तर दाते उडतात. मग डाना कंपनीचा ३० क्रमांकाचा आंस काढून ४४ चा, आणि तोही अपुरा पडला तर अवजड ट्रकांच्या जातीचा ६० चा बसवावा लागतो. दुबळेपणा नाहींसा होत नाहीं. तो पुढच्या भागाकडे सरकतो, आणि बहुधा पहिल्यापेक्षां महाग जागीं जाऊन बसतो. जाणते कारागीर म्हणून सर्वच भाग अभंग करण्याच्या नादीं लागत नाहींत. जो भाग वाटेंत थोड्या श्रमानें बदलतां येईल तोच आधीं तुटावा अशी योजना करून त्याचा जोड ते बरोबर बाळगतात. कांहींतरी तुटणारच हें एकदां मान्य केलें म्हणजे काय तुटावें हें ठरविणें कर्तव्य होतें. आमच्या मतें नीतीचा प्रश्न येथेंच उभा राहतो : वाढविलेल्या सामर्थ्याचा ताण शेवटीं कोणीं सोसावा?

गाडीचा धनी म्हणेल, "आम्हीं पदरचे पैसे घालून आंसापासून ब्रेकपर्यंत सर्व कांहीं मजबूत केलें, आतां आक्षेप कसला?" या उत्तरांत तथ्य आहे. ओसाड डोंगरांत, माणसाच्या चालीनें, खडकाखडकावर चाक जपून ठेवीत जाणारा मनुष्य कोणाचेंही नुकसान करीत नाहीं. उलट धीर व हिशेब शिकतो. पुरांत किंवा बर्फांत अडकलेल्यांस सोडविणाऱ्या पथकाला उंच गाडी लागतेच. ठेंगणेपणा हाच सद्गुण, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं.

परंतु हीच गाडी सोमवारीं सकाळीं शहराच्या रस्त्यावर येते, आणि तेथें ताणाची सांखळी गाडीच्या आंत संपत नाहीं. गाडींतील सर्व भाग न तुटणारे झाले म्हणजे जो अखेरचा नाजूक भाग उरतो तो बाहेर, पायीं चालत असतो. अमेरिकेंतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्यांचें नाक ४० इंचांहून उंच आहे अशा गाड्यांची धडक पादचाऱ्यास प्राणघातक होण्याचा संभव, ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या व उतरत्या नाकाच्या गाड्यांच्या मानानें, सुमारें ४५ टक्क्यांनीं अधिक असतो. गाडी वर उचलली म्हणजे तिचें नाकही वर जातें, हें सांगावयास नकोच. धन्यानें आपला आंस वांचविला. पण तुटण्याची जागा त्यानें न विचारतां दुसऱ्याच्या देहांत नेऊन ठेविली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत कारखानदाराच्या मूळ रचनेविरुद्ध वाहनांत फेरफार करतां येणार नाहीं असा निर्णय दिला. कायदा अशी मर्यादा घालूं शकतो. त्या मर्यादेचें मर्म मात्र ज्याचें त्यानेंच जाणावें लागतें.

तें मर्म आपल्या घरांनाही लागू आहे. राहणी उंचावावी, मुलांनीं परदेशीं शिकावें, मोठें घर घ्यावें, या इच्छांत वाईट कांहीं नाहीं. पण ही उंची घेतांना वाढलेला पीळ घरांतील कोणाच्या अंगावरून जाणार, हें किती घरांत बोललें जातें? कर्जाचा हप्ता कागदावर असतो. त्या हप्त्यापायीं जिनें आपलें दुखणें चार वर्षें पुढें ढकललें, तिचें नांव त्या कागदावर कोठेंच नसतें. ती न कुरकुरतां फिरते म्हणून ती मजबूत आहे असें आपण समजतों. आंसाविषयींही तुटण्याच्या आदल्या दिवसापर्यंत असेंच समजत असतात. संस्थांचेंही हेंच. विद्यार्थी दुप्पट करून शिक्षक तितकेच ठेवणारी शाळा बाहेरून उंचच दिसते.

तेव्हां बळ वाढवूं नये, हा आमचा निष्कर्ष नव्हे. बळ वाढविण्यापूर्वीं गाडीखालीं शिरून पाहावें, कांहीं मोडणारच असेल तर तें आपलें मोडावें व आपणांस बदलतां यावें अशी तजवीज करावी, आणि ती करतां येत नसेल तर तेवढी उंची सोडून द्यावी, इतकेंच आमचें म्हणणें आहे. हा नियम पाळणारा मनुष्य कदाचित् दोन इंच खालीं राहील. पण त्याच्या सामर्थ्याचें मोल त्याचें तोच देईल.