स्वभाव आणि उत्तरदायित्व

“माझा स्वभावच असा आहे, त्याला मी काय करणार?” हे उद्गार घरोघरी ऐकू येतात. आपल्या दोषाचा भार मनुष्य पूर्वी ग्रहांवर टाकीत असे. आता तो जनुकांवर टाकू लागला आहे. म्हणून विज्ञान याविषयी काय सांगते ते पाहणे अगत्याचे आहे.

मेंदूतील पेशी एकमेकींना जो निरोप देतात, तो काही रासायनिक द्रव्यांच्या द्वारे होय. डोपामिन हे त्यांपैकी एक. पेशीवरील जे प्रथिन हे द्रव्य ग्रहण करते, त्यास ग्राही म्हणतात. डोपामिनचे ग्राही पाच प्रकारचे असून चौथ्याच्या रचनेचे सूत्र अकराव्या गुणसूत्रावरील ‘डीआरडी४’ या जनुकात असते. त्यात ४८ अक्षरांचा एक खंड कोणाच्या ठायी चार वेळा, तर कोणाच्या ठायी सात वेळा येतो. ज्यांच्यात ही पुनरावृत्ती अधिक, ते नावीन्यलोलुप व उतावळे असतात, असे १९९६ साली दोन शोधनिबंधांनी सुचविले. पुढे अनेक परीक्षणे झाली. २००२ साली ती एकत्र पडताळली असता सरासरीने असा संबंध आढळला नाही.

तरीही समजा, उद्या तो सिद्ध झाला, तर मनुष्य दोषमुक्त होईल काय? मुलाच्या शिक्षणाचे पैसे जुगारात घालविणाऱ्या पित्याच्या मनात ओढ उत्पन्न होणे कदाचित त्याच्या हाती नसेल. परंतु ओढ आणि कृती यांच्यामध्ये एक क्षण असतो. तो क्षण सत्संगतीने व सवयीने वाढविता येतो. सहाव्या अध्यायात अर्जुनाने मनाच्या चंचलतेची तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली नाही. ती मान्य करूनच अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगितले.

यावर कोणी म्हणेल, संयमाची शक्तीही सर्वांना सारखी लाभत नाही. हे खरे आहे. म्हणूनच या ज्ञानाचा उपयोग दोन ठिकाणी वेगवेगळा करावा. दुसऱ्याचा पाय घसरला, तर त्याच्या वाट्याला चढण अधिक आली असेल, असे समजून त्याला हात द्यावा. आपला पाय घसरला, तर चढणीला दोष न देता पुन्हा उठावे. जो गृहस्थ याच्या उलट वागतो, स्वतःस क्षमा आणि मुलाबाळांस दंड देतो, त्याने विज्ञानही जाणले नाही आणि धर्मही नाही.